सासू-सासरे न्यू जर्सीत, आम्ही सोलापुरात: तिघांच्या अमेरिकी पर्यटक व्हिसाच्या नूतनीकरणाचा गुंता

शाळेची_घंटा (सोलापूर), नोव्हेंबर २०२५

नमस्कार. माझे सासू-सासरे २०१७ पासून न्यू जर्सीत थोरल्या दिरांकडे राहतात. दीर अमेरिकेचे नागरिक आहेत आणि सासू-सासऱ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. येत्या मार्चमध्ये सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. ते दोघे तिकडे गेल्यापासून आम्ही एकदाही त्यांच्याकडे गेलेलो नाही, त्यामुळे या वेळी जायचेच, असे घरात ठरले आहे. मुलगी यंदा दहावीला आहे आणि मी शिक्षिका आहे. म्हणून माझ्या शाळेचे निकाल लागले की मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परतायचे, असा बेत आहे.

अडचण अशी, की आम्हा तिघांकडेही दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा होता आणि तिघांचाही संपला आहे, पण सारख्या तारखेला नाही. यजमानांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्किश टॉवेलचा कारखाना आहे. ग्राहकांना भेटण्यासाठी ते एकटे गेले होते, तेव्हाचा त्यांचा व्हिसा ऑगस्ट २०१४ चा होता, तो ऑगस्ट २०२४ मध्ये संपला. माझा आणि मुलीचा व्हिसा जून २०१५ चा, तो या जूनमध्ये संपला. मुलगी त्या वेळी पाच वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघे दिरांकडे सहा आठवडे राहून वेळेत परत आलो होतो. आजवर कोणाचाही अर्ज नाकारला गेलेला नाही.

शहरातल्या एका एजंटांकडे चौकशी केली असता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की जुना व्हिसा संपून ४८ महिने झालेले नसले तर मुलाखत लागत नाही, कागदपत्रे ड्रॉपबॉक्समध्ये टाकली की काम होते, आणि आम्ही तिघेही त्यात बसतो. दुसरी गोष्ट ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. दिरांनी २०१७ साली यजमानांसाठी, भावाच्या नात्याने, आय-१३० हा कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज दाखल करून ठेवला आहे. तेव्हा आमच्यापैकी कोणी त्याचा फारसा विचार केला नव्हता. दिरांनी कागद मागितले, आम्ही पाठवले. आता डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, असा अर्ज कोणी केला आहे का, हे विचारणारा रकाना आहे आणि एजंटांचे म्हणणे असे, की तिथे सरळ ‘नाही’ लिहावे. ‘होय’ लिहिले की तुम्ही तिकडेच राहणार असे समजून व्हिसा नाकारतात, आणि २०१५ च्या अर्जातही ‘नाही’ असेच होते, मग आता बदलायचे कशाला? २०१५ मध्ये ते खरे होते, आता खरे नाही, एवढे मला कळते. पण त्या एका ‘होय’ने सासूबाईंची भेटच हुकली तर काय, ही भीतीही मनातून जात नाही.

ज्यांनी अलीकडे हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तिघांनी एकत्र जावे की वेगवेगळे, हेही सांगावे.

भीमाकाठ (पुणे, मूळ मोहोळ)

ताई, मी गेल्या दोन महिन्यांत माझ्या आई-वडिलांचे आणि सासू-सासऱ्यांचे असे चार अर्ज भरले आहेत, त्यामुळे सारे काही ताजे आहे.

एजंटांची ४८ महिन्यांची माहिती शिळी आहे. ती सवलत करोनानंतरच्या काळातली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १२ महिन्यांवर आणली गेली. त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ पासून नियम आणखी आवळले. आता पर्यटक व्हिसाच्या बाबतीत मुलाखतीतून सूट मिळते ती फक्त त्यांना, ज्यांचा आधीचा व्हिसा पूर्ण मुदतीचा होता, तो संपून १२ महिने झालेले नाहीत आणि तो मिळाला तेव्हा ज्यांचे वय किमान १८ वर्षे होते. शिवाय अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच केलेला असावा लागतो आणि पूर्वीचा एखादा नकार तसाच राहिलेला नसावा लागतो. पूर्वी १४ वर्षांखालील मुलांना आणि ७९ वर्षांवरील वृद्धांना वयामुळे सूट होती, तीही आता राहिलेली नाही.

हे तुमच्या घराला लावून पाहा. तुमचा व्हिसा जूनमध्ये संपला, म्हणजे जून २०२६ पर्यंत तुम्ही सवलतीत बसता. यजमानांचा संपून १५ महिने झाले, त्यामुळे त्यांना मुलाखत आहे. मुलीचा व्हिसा तुमच्याच दिवशी संपला असला तरी तो मिळाला तेव्हा ती पाच वर्षांची होती, म्हणून तिलाही मुलाखत आहे. यजमानांनी गेल्या जानेवारीत अर्ज केला असता तर तेही सुटले असते, पण आता त्याची हळहळ करून उपयोग नाही.

तुम्ही एकट्याने ड्रॉपबॉक्सचा मार्ग घ्यावा का? नियमाने घेता येतो. मात्र माझे मत असे, की घेऊ नये. एक तर सूट हा हक्क नाही. कागदपत्रे पाहून अधिकारी तुम्हालाही मुलाखतीला बोलावू शकतात, आणि जिथे आय-१३० आहे तिथे तशी शक्यता धरूनच चालावे. दुसरे म्हणजे नवरा आणि मुलगी एका खिडकीपुढे उभे असताना, त्यांच्यासोबत प्रवासाला निघालेली आई मात्र कागदांच्या गठ्ठ्यातून वेगळी गेलेली, हे चित्र मला तरी बरे वाटत नाही. संपूर्ण कुटुंब एकत्र उभे राहिले की प्रवासाची गोष्ट एकदाच आणि एकसारखी सांगितली जाते. तिघांची नावे एकाच गटात घालून एकच तारीख घ्यावी.

आता रकान्याविषयी. तिथे ‘होय’ लिहायचे. यावर माझ्याकडे दुसरे मत नाही. आय-१३० अमेरिकेच्याच सरकारकडे दाखल झाला आहे, तो त्यांच्या नोंदीत आहे, आणि तो त्यांच्यापासूनच लपवायचा हा सल्ला ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर त्यांच्या कायद्यातले कलम २१२(ए)(६)(सी) लागते आणि ती बंदी आजन्म असते. खरे सांगून मिळालेला नकार मात्र त्या दिवसापुरता असतो. नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. ‘होय’ लिहिले की खाली खुलाशासाठी जागा येते. तिथे दोन वाक्ये पुरतात: अमुक साली भावाने भावंडांच्या वर्गात अर्ज दाखल केला आहे, तो प्रलंबित आहे, आणि हा प्रवास आई-वडिलांना भेटून परत येण्यासाठी आहे.

त्या ‘होय’मुळे अधिकारी दचकतील असेही समजू नका. भावंडांच्या या वर्गाला, ज्याला एफ-४ म्हणतात, वर्षाला साधारण ६५,००० व्हिसांची मर्यादा आहे, त्यावर देशवार कमाल मर्यादा वेगळीच, आणि भारतीयांच्या बाबतीत सध्या २००६ सालातल्या अर्जांचा क्रमांक लागतो आहे. २०१७ चा अर्ज म्हणजे अजून बरीच वर्षे. खिडकीपलीकडच्या माणसाला हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

शुल्क माणशी १८५ डॉलर आहे, म्हणजे तिघांचे ५५५; ते कॉन्सुलेटच्या दराने रुपयांत भरायचे असते आणि परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या एका शुल्काची तरतूद आहे, त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर काय लागू आहे ते पाहूनच रक्कम धरा. पावती भरल्या दिवसापासून ३६५ दिवस चालते. २०२५ पासून मिळालेली तारीख एकदाच विनाशुल्क बदलता येते, दुसऱ्यांदा बदलायची झाली तर पुन्हा पैसे भरावे लागतात. तेव्हा मुलीच्या पूर्वपरीक्षेचे आणि बोर्डाचे वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख निवडा.

हत्तरसंगकर (सोलापूर)

वरच्या उत्तराशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. ताई सवलतीत बसत असतील तर त्यांनी ती सोडू नये. मुलाखतीच्या तारखा मुंबईत किती लांबच्या मिळतील याचा भरवसा नसतो, आणि घरातल्या एकीच्या पासपोर्टवर तरी व्हिसा हातात असला तर सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी गरज पडल्यास त्या एकट्या जाऊ शकतील. शाळेतून रजा मिळेल की नाही हा प्रश्न वेगळा.

तातडीच्या तारखेच्या भरवशावर मात्र राहू नये. ती सोय जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार अशा प्रसंगांसाठी आहे, आणि तिच्यासाठीही आधी शुल्क भरून नेहमीची तारीख घ्यावीच लागते. आधीच ठरवलेली गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यात बसवायचा प्रयत्न करू नये.

प्रवासाविषयी सांगायचे, तर बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या भेटी असतात आणि ठसे आधीच्या दिवशी किंवा त्याहून आधी द्यावे लागतात, म्हणून मुंबईत एक मुक्काम धरूनच चला. मुलगी १४ वर्षांच्या वर असल्याने तिचेही ठसे घेतले जातील. सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचते, पण त्याच दिवशी ठशांची वेळ घेतली आणि गाडी दौंडला अडकली तर जीव टांगणीला लागतो. मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो होतो आणि तेच बरे पडले. आता भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका दादर आणि सीएसएमटीकडून थेट कॉन्सुलेट असलेल्या बांद्रा-कुर्ला संकुलात जाते, त्यामुळे टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालावी लागत नाही. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही. आत जाताना तो कोणाकडे ठेवायचा, याची सोय आधी करून ठेवा. मी तो रस्त्यापलीकडच्या एका चहावाल्याकडे ठेवला आणि मुलाखतीपेक्षा त्याचीच जास्त काळजी केली.

पूर्व_भाग (सोलापूर)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझेच २०१८ साल आठवले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझा धाकटा भाऊ टेक्सासात आहे. त्यानेही माझ्यासाठी असाच अर्ज दाखल केला होता. मलाही एका एजंटाने ‘नाही’ लिहायला सांगितले; खरे तर सांगितलेही नाही, त्याने स्वतःच लिहून टाकले आणि मी छापील प्रत न वाचता खिशात घातली. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये, कुर्डुवाडी गेल्यावर, झोप येईना म्हणून ती प्रत काढून वाचली, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी खिडकीपुढे उभा राहिल्यावर अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारायच्या आधीच मी म्हणालो, की माझ्या अर्जात एक उत्तर चुकीचे आहे, माझ्या भावाने माझ्यासाठी अर्ज दाखल केला आहे. तो बराच वेळ टंकत राहिला. मग म्हणाला, हे स्वतःहून सांगितलेत ते बरे केलेत. तरीही त्या दिवशी मला नकाराचा कागद मिळाला, कलम २१४(बी) चा.

हे कलम समजून घ्या, कारण पर्यटक व्हिसाचा सारा खेळ त्यावरच आहे. अर्जदार तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे, असे त्यांचा कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. म्हणून भावाचे प्रायोजकत्वाचे पत्र, त्याचा पगार, त्याचे घर यांचा काही उपयोग होत नाही. प्रश्न एवढाच असतो, की सोलापुरात तुम्हाला परत खेचून आणणारे काय आहे. त्या निर्णयावर अपील नसते, पण पुन्हा अर्ज करायला मुदतीची आडकाठीही नसते.

पुढच्या वर्षी मी अर्ज स्वतः भरला. ‘होय’ लिहिले, खुलासा लिहिला, आधीचा नकारही नोंदवला. कारण तोही विचारतात. या वेळी बाई होत्या. मुलाखत मराठीत दिली. मुंबईत तशी सोय आहे आणि ज्यांचे इंग्रजी घाबरल्यावर अडखळते त्यांनी ती जरूर घ्यावी. त्यांनी विचारले, काय करता? म्हटले, यंत्रमाग आहेत, चादरी विणतो. किती माग? चोवीस. तुम्ही महिनाभर नसलात तर ते कोण पाहणार? मी म्हणालो, मेहुणा पाहील, पण तीन आठवड्यांच्या वर त्याच्यावर सोपवले तर सुताचा हिशेब मला कधीच लागणार नाही. त्या हसल्या. मग भावाच्या अर्जाचे विचारले, मी म्हणालो, तो आहे, त्याचा क्रमांक लागेल तेव्हा माझी मुले काय म्हणतील ते पाहू, आत्ता मला पुतण्याच्या मुंजीला जाऊन यायचे आहे. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. मी आयकराची विवरणपत्रे, उद्यम नोंदणी, घरपट्टीची पावती अशी जाडजूड फाइल घेऊन गेलो होतो. त्यातला एकही कागद कोणी पाहिला नाही. तरी न्यावी. हातात फाइल असली की आवाज स्थिर राहतो.

तुमच्या यजमानांचा कारखाना, तुमची शाळेतली कायम नोकरी आणि २०१५ मध्ये सहा आठवड्यांत परत आल्याची नोंद, ही तुमची खरी कागदपत्रे आहेत. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे की नाही, कोण जाणे: मुलगी दहावीची परीक्षा देऊन निघणार आणि अकरावीच्या प्रवेशासाठी परतणार, यापेक्षा सरळ आणि पटणारे कारण दुसरे कोणते? अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, निकाल मेमध्येच लागतो, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात परत यायचे हे तुम्ही सहज ठरवले असले तरी ते खिडकीपुढे आवर्जून सांगा.

शाळेची_घंटा

सर्वांचे मनापासून आभार. पूर्व_भाग यांचा अनुभव मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. एजंटांना आम्ही नकार कळवला आहे आणि अर्ज घरीच भरायला घेतला आहे.

भरताना दोन ठिकाणी अडले. यजमानांच्या अर्जात वडील आणि आई अमेरिकेत आहेत का, हे विचारले आहे, तिथे त्यांची स्थिती कायम रहिवासी अशी लिहिली, आणि जवळच्या नातेवाइकांत दिरांना नागरिक म्हणून दाखवले. पण माझ्या अर्जात आई-वडील म्हणजे माझे माहेरचे, ते तर इथे बाळीवेशीत आहेत. मग सासू-सासऱ्यांना कुठे दाखवायचे? आणि तो आय-१३० यजमानांसाठी आहे, माझ्यासाठी नाही. मग माझ्या आणि मुलीच्या अर्जात त्या रकान्यात काय लिहायचे?

भीमाकाठ (पुणे, मूळ मोहोळ)

जवळचे नातेवाईक म्हणजे त्या अर्जाच्या भाषेत जोडीदार, वाग्दत्त जोडीदार, मुले आणि भावंडे. सासू-सासरे त्यात येत नाहीत. तुमची भावंडे तिकडे नसतील तर तिथे ‘नाही’ लिहा. त्यानंतर इतर कोणी नातेवाईक अमेरिकेत आहेत का, असा प्रश्न येतो, तिथे ‘होय’. सासू-सासरे आणि दीर त्या उत्तरात आले. अमेरिकेतला संपर्क म्हणून दिरांचे नाव आणि पत्ता द्या, म्हणजे तिघांच्या अर्जात तोच पत्ता राहील.

आय-१३० विषयी दोन मते ऐकू येतात. शब्दशः पाहिले तर अर्ज यजमानांसाठी आहे. पण भावंडांच्या वर्गात, ज्याच्यासाठी अर्ज केला आहे त्याच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांनाही त्याच अर्जाच्या आधारे जाता येते, आणि तुमची नावे त्यात कुटुंबीय म्हणून बहुधा असतीलच. मी तुमच्या जागी असतो तर तिघांच्याही अर्जात ‘होय’ लिहिले असते आणि तुमच्या दोघींच्या खुलाशात ‘अर्ज पतीसाठी किंवा वडिलांसाठी आहे’ असे स्पष्ट केले असते. एकाच घरातल्या तीन अर्जांत एकाच गोष्टीची दोन उत्तरे दिसू नयेत. जाता जाता, मुलीपुरते बोलायचे तर तिचा क्रमांक लागेपर्यंत ती २१ ओलांडून जाण्याचीच शक्यता जास्त आहे.

मुलीच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारली जातील. हे २०१९ पासून सर्वांनाच आहे. तिला समोर बसवून विचारा. माझ्या मेहुणीच्या मुलीची तीन इन्स्टाग्राम खाती होती आणि त्यातले एक आईला पहिल्यांदाच कळले. फोटो गेल्या सहा महिन्यांतला, दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चश्म्याशिवाय लागतो. पूर्वीच्या प्रवासाच्या तारखा लिहिताना अंदाज करू नका. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तेव्हा परतीचा दिवस मुंबई विमानतळाच्या आगमनाच्या शिक्क्यावरून ठरवा. मुलीचा व्हिसा तिच्या सर्वांत जुन्या पासपोर्टवर असेल. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असल्याने मधला एक आणि आताचा एक असे तीन निघतील, ते सगळे बरोबर न्या. अर्ज वीस मिनिटे तसाच सोडला तर बंद पडतो, म्हणून सुरुवातीला मिळणारा एए ने सुरू होणारा क्रमांक वहीत लिहून ठेवा. आणि अर्ज दुरुस्त करून पुन्हा दाखल केला तर त्याचा क्रमांक बदलतो. तारीख घेताना दिलेला क्रमांक आणि हातातल्या प्रतीवरचा क्रमांक जुळला पाहिजे, नाहीतर दारावरूनच परत पाठवतात.

एडिसनवासी (न्यू जर्सी, मूळ पंढरपूर)

इकडच्या बाजूने थोडे लिहितो, कारण व्हिसा मिळाला म्हणजे सगळे झाले असे आपल्याकडे समजले जाते.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. आता ती कागदावर देत नाहीत, ऑनलाइन पाहावी लागते. पर्यटकांना साधारणपणे सहा महिने मिळतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आय-९४ ची तारीख ओलांडली, तर तो व्हिसा आपोआप रद्द होतो. उलट, आय-९४ ची मुदत शिल्लक असताना व्हिसा संपला तरी काही बिघडत नाही. मुक्काम वाढवायचा असेल तर आय-९४ संपण्यापूर्वी आय-५३९ हा अर्ज करावा लागतो, पण तुम्हाला पाच आठवड्यांत परतायचे आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. सहा महिने मिळाले म्हणून सहा महिने राहण्याचा मोह आमच्या इमारतीतल्या कित्येक आई-वडिलांना पुढच्या वेळी महागात पडला आहे.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते गुडघ्यांविषयी. सोलापुरात सून सासूच्या सेवेला निघाली, हे ऐकून कोणीही कौतुकच करील. इथल्या अधिकाऱ्याच्या कानाला मात्र ‘शुश्रूषा करायला येत आहे’ या वाक्याचा अर्थ निराळा लागू शकतो. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि नातवंडे सांभाळायला किंवा आजाऱ्याला पाहायला म्हणून येणारा माणूस पैशाशिवाय का होईना, पण कामालाच आला आहे, अशी शंका घेतलेली मी ऐकली आहे. याचा अर्थ काही लपवावे असा मुळीच नाही. शस्त्रक्रियेचे विचारले तर सांगावे. पण तुमच्या बेताप्रमाणे शस्त्रक्रिया मार्चमध्ये होणार आणि तुम्ही मेमध्ये येणार. घरात दीर-जाऊबाई आहेत, रोजची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. तेव्हा तुम्ही भेटायला येत आहात हेच खरे आहे आणि तेच खरे सांगावे. ‘सेवा’ हा आपला शब्द इंग्रजीत नेताना जड होतो.

प्रवासाचा आरोग्य विमा तिघांचाही घ्या. आणि येताना शेंगाची चटणी, कडक भाकरी काय आणायची ती आणा, फक्त खाद्यपदार्थांविषयी विचारले की ‘आहेत’ म्हणा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. दंड होतो तो न सांगितल्याचा.

शाळेची_घंटा

काल रात्री साडेअकराला तिघांचे अर्ज दाखल केले. तिघांतही ‘होय’ आहे. खुलाशाचे वाक्य यजमानांनी चार वेळा खोडून पुन्हा लिहिले, शेवटी भीमाकाठ यांनी सुचवले होते तेच ठेवले. मुलीची इन्स्टाग्राम खाती दोन निघाली.

सवलतीचा विचार दोन दिवस केला. हत्तरसंगकर यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेचे पर्यवेक्षण आणि घरात दहावीची मुलगी असताना मी एकटी निघू शकणार नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मीही मुलाखतीलाच उभी राहणार. तिघांच्या नावाने एकत्र तारीख मिळाली आहे, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर आणि लेखी परीक्षेच्या आधी. सासूबाईंना फोनवर सांगितले तर त्यांनी आधी जत्रेत नंदीध्वज पाहायला जाणार ना, ते विचारले आणि मग तारीख विचारली.

हत्तरसंगकर, तो चहावाला नेमका कुठे उभा असतो, तेवढे कळवाल का?